पाटाचं पाणी आलं तेव्हा: कालव्याकाठच्या पहिल्या वस्त्यांच्या आठवणी

मळेकरी

मंडळी, हा धागा एका कामासाठी काढतोय.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली झालं. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या प्रवरेच्या दोन्ही कालव्यांना भरवशाचं पाणी मिळू लागलं आणि आजच्या राहुरी, श्रीरामपूर, नेवासा पट्ट्यात बाहेरून माणसं येऊन राहायला लागली. त्याच्या दहा वर्षं आधी दारणा धरण झालं होतं, नांदूर मधमेश्वरहून गोदावरीचे कालवे कोपरगावाकडे आले होते. या कालव्यांवर येऊन राहिलेली पहिली पिढी आता नाही. त्यांची पोरं आहेत, ऐंशी-नव्वदीतली. कारखान्यांचे सुवर्णमहोत्सवी अंक निघतात, त्यांत अध्यक्षांचे फोटो असतात, गाळपाचे आकडे असतात. पण पहिल्या वर्षी रान कसं तयार केलं, राहिले कशात, खाल्लं काय, कोण कशानं गेलं, हे मला कुठं नीट वाचायला मिळालं नाही. ते इथं जमवू या.

सुरुवात माझ्याकडून. आमचं मूळ सासवडचं. कऱ्हेकाठी विहिरीच्या पाण्यावर मळा करणारी ही माळी घरं. नीरेचा डावा कालवा सुरू झाला तशी त्यातली बरीच बारामतीकडे सरकली, आणि पुढची पिढी तिथून कोपरगाव, राहाता, बेलापूरकडे. माझे पणजोबा त्या दुसऱ्या लोंढ्यातले. दौंड, श्रीगोंदा, नगर, राहुरी असा बैलगाड्यांचा प्रवास. गाडीत काय होतं ते आमची आत्या (वय नव्वदीच्या आसपास, स्मरणशक्ती खणखणीत) तिच्या आईकडून ऐकलेलं सांगते: लोखंडी चरक, गूळ करायची काहील, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं उसाचं बेणं आणि एक जातं. पणजीची उतरंड बारामतीलाच एका शेजारणीला देऊन टाकली. काहिलीला जागा हवी होती.

जमीन खंडानं (ठरलेल्या मोबदल्यावर कसायला) घेतली, जुन्या गावातल्या एका शेतकऱ्याची. गाव दीडेक मैलावर, आणि आमची वस्ती कालव्याच्या खाली, माळाला लागून. कालव्याकाठच्या छपरांवर पुढं उसाचं पाचट असायचं, पण पहिल्या वर्षी ऊसच नाही तर पाचट कुठलं? जमीनमालकानं बाजरीचं सरमाड दिलं. मेढी रोवल्या, कुडाच्या भिंती शेणामातीनं लिंपल्या, वर सरमाड. अडसाली ऊस म्हणजे लागणीपासून तोडीपर्यंत दीड वर्ष. तेवढे दिवस हातात पैसा नाही. मग बांधावर भाजी करायची आणि डोक्यावरून बेलापूर स्टेशनच्या बाजाराला न्यायची. या स्टेशनाजवळ वाढलेली पेठ म्हणजेच पुढचं श्रीरामपूर.

आत्याची स्वतःची पहिली आठवण आगीची आहे. चैत्रातली दुपार, पुरुषमाणसं दारं धरायला (पिकाला पाणी वळवायला) गेलेली. चुलीतली ठिणगी पाचटात गेली आणि ओळीनं तीन छपरं पेटली. आजीनं धाकटं पोर काखेत मारलं आणि विळ्यानं बैलांची दावी कापत सुटली. बैल वाचले. घरातलं काही निघालं नाही. खंडाचा कागद पत्र्याच्या पेटीत होता, तोही गेला. दुसऱ्या दिवशी जमीनमालक गावातून आला, बरोबर भाकरी, पायलीभर बाजरी आणि दोन जुनी लुगडी. आजोबांनी भीत भीत कागदाचा विषय काढला. तो म्हणाला, "कागद जळाला आसंल. बोलनं जळालं का?" नवा कागद पुढं कधीतरी झाला, पण त्या वर्षीची लागण त्या बोलण्यावरच झाली.

आमच्या घरात या माणसाचं नाव देवाच्या नावासारखं घेतात. त्याच्या नातवंडांशी आमचं येणं-जाणं आहे, पण त्याच्या बाजूनं ही सगळी गोष्ट कशी दिसत होती हे मला माहीत नाही. म्हणून विनंती, बाहेरून आलेल्यांनीही लिहा आणि आधीपासून असलेल्यांनीही.

रानवारा

वाचनखूण साठवली. पुढच्या प्रतिसादांची वाट पाहतोय. दीडेक मैल म्हटल्यावर गावाशी रोजचा संबंध कितपत होता?

मळेकरी

रानवारा, दळण-मीठ-मिरचीपुरता. पण लग्नं, मयत, जत्रा यांत गाव आणि वस्ती हळूहळू एकत्र आली. आत्या म्हणते, पहिली काही वर्षं आमचे लोक सणाला सासवडलाच पळायचे. मग एका वर्षी पोळ्याला आमचे बैल गावच्या वेशीत मिरवले. त्या वर्षापासून आपण इथले झालो, असं ती मानते.

नीराकाठ

मळेकरी, धागा मनापासून आवडला. मी बारामती तालुक्यातला. तुमचे पणजोबा आमच्याकडून का उठले, त्याचं एक कारण आमच्या रानात अजून बघायला मिळतं.

नीरा डावा कालवा १८७६-७८ च्या दुष्काळानंतर झाला, १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. गंमत बघा, सुरुवातीला पाण्याला गिऱ्हाईक नव्हतं. पाऊस बरा झाला की जिरायत शेतकरी पाणीपट्टी कशाला भरील? दुष्काळ पडला की सगळे एकदम मागायचे. सासवडच्या माळ्यांनी मात्र पहिल्यापासून बारा महिने पाणी घेतलं, कारण त्यांना ऊस करायचा होता. पुढं विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षांची पाण्याची हमी, त्यातल्या साधारण एक तृतीयांशात ऊस आणि बाकीच्यात फेरपालटाची पिकं. पाणी फुकट जाऊ नये आणि एकाच रानात सतत ऊस राहू नये, हा त्यामागचा हिशोब.

पण पाणी भरपूर आणि काळी जमीन खोल. वरच्या अंगाला उसाला पाणी तुंबवलं की खालच्या अंगाची रानं चिबड (पाणथळ) व्हायची. उन्हाळ्यात वरती पांढरं मीठ फुटायचं. आमच्या घराजवळचा एक तुकडा माझ्या आजोबांच्या तरुणपणी पहिल्या प्रतीचा उसाचा होता, आज तिथं वेडी बाभूळ आहे. चर खणून पाझर काढायचे प्रयत्न इंग्रज अमदानीतच सुरू झाले, काही ठिकाणी जमिनी परत आल्याही. पण खंडानं कसणाऱ्याला चर खणायला पैसा आणि धीर कुठून? जमीन दमली की गाडी जुंपायची आणि नव्या कालव्यावर जायचं. कालवे एकामागून एक होत होते, तोवर हे चाललं.

आता गुऱ्हाळाबद्दल लिहितो, कारण त्या काहिलीची जागा तुम्ही सांगितलीत आणि मला राहवेना. साखर कारखाने यायच्या आधी या सगळ्या वस्त्या गुळावर जगल्या. ऊस पुंड्या, जाड आणि मऊ, बैलांच्या चरकात सहज पिळायचा. किर्लोस्करांचे लोखंडी चरक आल्यावर काम आणखी सोपं झालं. चुलवाणावर काहील, खालून जाळव्या चिपाडं सारतोय, वर गुळव्या. रस तापला की आधी मळी काढायची. मग भेंडीची झाडं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात घालायचं, उरलेली घाण त्याला धरून वर येते. पुढं खरी कसोटी. गुळव्या पळीतला पाक गार पाण्यात सोडायचा आणि बोटांनी गोळी करायचा. गोळी ताटात टाकल्यावर वाजली की काहील उतरवायची. दोन मिनिटं आधी उतरवली तर ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. उशीर झाला तर गूळ काळा पडतो, पेठेत भाव पडतो. वर्षभराची कमाई त्या एका माणसाच्या दोन बोटांवर असायची. म्हणून वस्तीवर गुळव्याला जेवायला पहिलं ताट. आम्ही पोरं रात्रभर तिथंच पडायचो, पाकात शिजवलेल्या रताळ्यासाठी.

माळीनगरचा

नीराकाठ, गुऱ्हाळाचं वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटलं. पुढचा दुवा मी जोडतो.

१९३० च्या आसपास जगभर मंदी आली आणि गुळाचे भाव कोसळले. ज्यांनी खंड, पेंड, मजुरी सगळं उधारीवर केलं होतं ती घरं बुडायच्या बेतात आली. उसाला तेव्हा खत म्हणून भुईमुगाची पेंड गाडीगाडीनं लागायची, धनगरांचे कळप रानात बसवायला धान्य मोजावं लागायचं. खर्च काही कमी नव्हता. त्याच सुमारास बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसली आणि १९३२ साली तसा कायदा झाला. नगर-सोलापूर-पुणे पट्ट्यात बरेच खासगी कारखाने याच दशकात उभे राहिले. वालचंदनगर, टिळकनगर ही नावं तुम्हाला ठाऊक आहेतच. सासवडच्या माळ्यांनी ठरवलं की भांडवलदाराला ऊस घालण्यापेक्षा कारखानाच आपला काढू. १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी झाली आणि माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ, नीरा उजव्या कालव्याच्या भागात माळीनगर वसलं. सहकारी कारखाना नव्हे, शेअर्सची कंपनी, पण भागधारक ऊस लावणारे शेतकरीच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० चा. म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःचा कारखाना चालवायचा ही गोष्ट त्याच्या अठरा वर्षं आधी इथं घडली होती, हे मी अभिमानानं सांगतो.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात कारखान्यापेक्षा जास्त वेळा येतो तो मुरूम. जागा उघड्या माळाची. आधी रस्ते, मग विहिरी, मग घरं, मग शाळा. शाळा घरांच्या पाठोपाठ झाली, देऊळ त्यानंतर. आणि आषाढात तुकोबांची पालखी. देहूहून निघालेल्या सोहळ्याचं पहिलं उभं रिंगण माळीनगरला होतं. परक्या मुलखात येऊन राहिलेल्या माणसांना दारात वारी येणं म्हणजे काय, हे आमच्या आजीच्या पिढीला विचारा. पिठलं-भाकरी करायला सगळी आळी पहाटेपासून उठलेली असायची.

सायली

सगळे प्रतिसाद वाचले. चरक, काहील, कंपनी, शेअर्स... बायकांच्या वाट्याचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

माझं आजोळ कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या कालव्यावर. आजीची मोठी बहीण गेल्या वर्षीपर्यंत होती, तिच्याकडून ऐकलेलं. तिच्या आईला सगळ्यात जास्त त्रास झाला तो एकटेपणाचा. सासवडला भिंतीला भिंत लागून घरं, परड्यात उभं राहिलं की चार जणी भेटायच्या. इथं वस्तीवर दोन चुली, चहूबाजूंनी ऊस, आणि ऊस वाढला की समोरची वस्तीही दिसेना. उसात कोल्हे आणि रानडुकरं. बाळंतपणाला सुईण आणायची तर गावात माणूस धाडायचा, रात्री पाटाच्या भरावावरून कंदील घेऊन. माझ्या पणजीची दोन मुलं सुईण पोचायच्या आत झाली, त्यातलं एक गेलं.

आणि हिवताप. कालवा आला, चाऱ्या (कालव्याचे फाटे) झाल्या, जागोजाग पाणी साचलं, डास झाले. भाद्रपद-आश्विनात घरटी माणूस अंथरुणात. दुपारी हुडहुडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकून वर एकानं बसायचं, संध्याकाळी घाम फुटून ताप उतरायचा आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. पोरांच्या पोटात पांथरी (प्लीहा) वाढलेली, पोट पुढं आणि हातपाय काड्या. क्विनाइनची पुडी गुळाच्या खड्यात घालून द्यायच्या. कानात गुणगुण सुरू व्हायची म्हणून पोरं थुंकून टाकायची. लागणीच्या दिवसांत आजारी बाईसुद्धा बेणं दाबायला सरीत उतरायची, कारण पाळीचं पाणी कुणासाठी थांबत नव्हतं. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटी फवारणारी माणसं वस्तीवर यायला लागली. भिंतींवर पांढरे ओघळ राहायचे. सण आला की बायका त्यावर शेणानं सारवायच्या आणि फवारणीवाले कपाळाला हात लावायचे. तरी दोन-तीन वर्षांत फरक दिसला. आजीची ती बहीण म्हणायची, "पाट आला तवा बागाईत आली, फवारा आला तवा पोरं जगली."

प्यायलासुद्धा पाटाचंच पाणी. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटलं की रांजण, हंडे, जे असेल ते भरून ठेवायचं, तुरटी फिरवायची. पाट बंद असला की खालच्या ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी. मळेकरी, तुमच्या आत्याबाईंना नक्की विचारा: पाण्याच्या हंड्यांच्या खेपा कोण घालत होतं, आणि खंडाच्या कागदावर सही कुणाची होती.

मळेकरी

सायलीताई, विचारलं. हंड्यांच्या खेपा आजीच्या आणि आत्याच्या, सही आजोबांची. आत्यानं आणखी एक सांगितलं, ते माझ्या कानावर कधीच आलं नव्हतं. आगीनंतर नवं बेणं विकत घ्यायला पैसे आले ते आजीच्या पुतळ्या मोडून. आमच्या घरात ही गोष्ट "आजोबांनी पुन्हा उभं केलं" अशीच सांगितली जाते. आजपासून ती अशी सांगायची नाही, असं घरात सगळ्यांना बोललो आहे.

गावठाण

धागा चांगला आहे. सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, त्याबद्दल आदर आहे. पण मला जे बोलायचंय ते जरा वेगळं आहे, समजून घ्या.

पहिल्या प्रतिसादात "माळाला लागून" असं आलंय. तो माळ मोकळा नव्हता. आमच्या लोकांची गुरं तिथं चरत होती, आणि त्याखालची काळी रानं आमची होती. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगे. पाऊस झाला तर पोटापुरतं, नाही झाला तर खडी फोडायला. १८९६ ते १९०० मधल्या दोन दुष्काळांनी आमच्या भागातली किती घरं सावकाराच्या वहीत गेली, याची मोजदाद नाही. मग कालवा आला, पण पाणी घ्यायचं तर पैसा पाहिजे, बैल पाहिजेत, पेंड पाहिजे, ऊस करायची माहिती पाहिजे. यातलं काही आमच्याकडे नव्हतं. म्हणून जमिनी खंडानं दिल्या. माळी बागाईतदारांना दिल्या त्यांचं मला फार वाईट वाटत नाही. ती माणसं शेजारी राहिली, राबली, आणि ऊस कसा करायचा ते आमच्या आजोबांनी त्यांच्याच बांधावर उभं राहून पाहिलं. मळेकरी म्हणतात तशी बोलण्यावर चाललेली खंडं आमच्याही घरी होती.

पण मोठ्या जमिनी गेल्या त्या साखर कंपन्यांना, लांब मुदतीच्या करारांवर. माझ्या पणजोबांचा अंगठा अशाच एका करारावर आहे. पाण्याखाली आलेली, मुळाशी आमची असलेली जमीन, आणि माझे आजोबा त्याच जमिनीवर रोजंदारीवर खुरपायला. पुढं १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा झाला. कंपन्यांच्या जमिनी सरकारनं घेतल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ निघालं. जमीन कंपनीकडून सुटली, पण आमच्याकडे आली नाही. खंडकऱ्यांच्या (म्हणजे कंपन्यांना खंडानं जमिनी दिलेल्या आमच्यासारख्यांच्या) सभा, मोर्चे, निवेदनं, कोर्ट यांत दोन पिढ्या गेल्या. वडील पिशवीत करारांच्या नकला घेऊन फिरायचे. जेवताना पिशवी मांडीजवळ, झोपताना उशाला. २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळायला लागल्या, तेव्हा ते नव्हते. आता ती जमीन चुलत्या-पुतण्यांत वाटली गेली आहे आणि माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यात मी ऊस नाही, डाळिंब केलंय.

पहिल्या वस्त्यांच्या आठवणी जमवताय तर पहिली वस्ती गावठाणाची होती, हे पहिल्या पानावर लिहा. एवढंच मागणं.

मळेकरी

गावठाण दादा, पहिल्या पानावर तेच जाईल. आणि ते तुम्हीच लिहून द्यावं ही विनंती. मी लिहिलं तर ते पाहुण्यानं लिहिलेलं होईल. करारांच्या नकला अजून असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. अंगठा असलेला कागद छापता आला तर त्यासारखं दुसरं काही नाही. परवानगी असेल तरच.

रानवारा

मध्येच एक विचारतो. हरेगावच्या बेलापूर कंपनीची उसाची छोटी रेल्वे होती म्हणतात. कुणी पाहिलीय?

नीराकाठ

रानवारा, हरेगावची मी पाहिली नाही, पण वालचंदनगरलाही तशीच अरुंद रुळांची गाडी होती. आमच्या मामांचं घर रुळाजवळ. चढाला गाडी हळू झाली की पोरं डब्यातली मोळी ओढायची. मामांच्या पाठीवर वॉचमनच्या काठीचा वळ होता आणि तो ते मोठ्या कौतुकानं दाखवायचे.

बीडकर

धागा दोनदा वाचला. लिहू की नको असा विचार केला, मग गावठाण यांचा प्रतिसाद वाचून लिहायचं ठरवलं.

तुम्ही ज्या वस्त्यांबद्दल लिहिताय, त्यांच्या शेजारी दर वर्षी आमची एक वस्ती उभी राहायची आणि दर वर्षी मोडायची. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा झाला की मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, बैलगाडीत पीठ, भांडी, कोंबड्या आणि आम्ही भावंडं. पाडव्याच्या मागंपुढं परत. कारखान्याच्या मोकळ्या रानात कोप्यांची रांग. कोपी म्हणजे बांबू वाकवून वर चटई टाकलेली, आत शिरायचं ते वाकून. पहाटे तीनला आई भाकरी थापायची, चारला गाडी फडाकडे. थंडीत पाचटाची धार हातांना लागते, ती रक्त आल्यावरच कळते. वडील तोडायचे, आई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोब दोघांचा एकच. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले सुटे पैसे तेवढे आईच्या हातात राहायचे.

माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म कोपीतला. प्रवरेच्या पट्ट्यातल्याच एका मळ्याच्या वस्तीवरच्या आजीबाई त्या रात्री आल्या. तुपाची वाटी, डिंक, आणि स्वतःच्या घरातली बाज घेऊन. आई जमिनीवर बाळंतीण राहू नये म्हणून. सव्वा महिना बाज आमच्याकडे होती. आई अजून त्या वस्तीची दिशा सांगते: चारीच्या पुलावरून डावीकडं, चिंचेखाली. त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका बांधावर आम्हा पोरांना पाण्याच्या हौदाला हात लावू दिला नव्हता, तेही ती तेवढंच स्पष्ट सांगते. दोन्ही लिहा.

शाळेचं सांगते. पाचवीपर्यंत मी दरवर्षी अर्धंच वर्ष शाळेत होते. साखरशाळा (ऊसतोडीवाल्यांच्या पोरांसाठी कारखान्याजवळच्या शाळा) नंतर आल्या, आमच्या वेळी नव्हत्या. सहावीला आजीनं मला गावी ठेवून घेतलं म्हणून मी इथं लिहितेय. माझ्या वर्गात आजही दसऱ्यानंतर बाकं रिकामी होतात.

सायली

बीडकर ताई, तुमच्या आईंचं वय काय? त्यांचा आवाज कुणी नोंदवून घेतलाय का? मी नाशिकला असते. तुम्ही म्हणाल तेव्हा येईन, रेकॉर्डर माझा.

बीडकर

सत्तरीच्या पुढं. संक्रांतीनंतर या, तोपर्यंत कापूस वेचणी उरकते. आई कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही, निवडायला तूर पुढ्यात दिली की बोलेल.

माळीनगरचा

काम पुढं न्यायचं तर बोलण्याला कागदांची जोड पाहिजे. माझ्या अनुभवातून काही ठिकाणं सांगतो.

सगळ्यात चांगलं साधन म्हणजे जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं जन्मगाव आणि आधीची शाळा लिहिलेली असते. सासवड, बारामती, नीरा, कोपरगाव, नगर अशी गावं वाचत गेलं की कुठलं घर कोणत्या वाटेनं आलं ते सरळ कळतं. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, वर्गात बसून उतरवून घ्या, रजिस्टर घरी मागू नका. मग तलाठी आणि तहसील दप्तरातले जुने फेरफार: खंड, वारस, करार यांच्या नोंदी तिथं सापडतात. कडईपत्रकं (जमिनीच्या जुन्या नोंदी) मोडी लिपीत असतील तर वाचणारा शोधावा लागेल. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने उतारे स्कॅन केलेले आहेत, आधी तिथं बघा. पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात जुने सात नंबरचे पाणी अर्ज असतील तर तेही मागा. कोणत्या चारीवर कुणी किती ऊस मंजूर करून घेतला, ते त्यावर असतं. हे कागद वाळवीनं जातात किंवा रद्दीत जातात, तेव्हा या कामाला उशीर नको.

गावठाण

मोडी मला येते. वडिलांच्या त्या पिशवीपायीच शिकलो. कुणाची कागदपत्रं असतील तर पाठवा, लिप्यंतर करून देतो. पैसे नकोत.

मळेकरी

गावठाण दादा, आमच्याकडे आगीनंतर झालेला नवा कागद आहे, तो मोडीत आहे आणि आजवर घरात कुणाला वाचता आलेला नाही. रविवारी तो घेऊन येतो. आत्याही येते म्हणते, तुमच्या गावातल्या त्या जमीनमालकाच्या घरी तिला जायचंय. बीडकर ताई, चारीचा पूल आणि चिंच एवढ्यावरून मी आमच्याकडच्या दोन-तीन वस्त्यांवर विचारून बघतो. आईंना एवढंच विचाराल का, पुलाला कमान होती की नुसता पाइप?

बीडकर

विचारलं. कमान होती. दगडी.